शेणकिड्यांची सावड

शेणकिडे कसे पकडतात हे मी आमच्या घरी बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. वडील अमरावतीत वकिली करतात, आई शाळेत शिकवायची, आणि मुलगी संशोधन करते म्हटल्यावर दोघांच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या यायच्या. पाहुण्यांनाही ते तसंच सांगायचे. खरी गोष्ट अशी की जमिनीत आइस्क्रीमचा रिकामा कप काठापर्यंत पुरायचा, त्यात थोडं साबणाचं पाणी ओतायचं, वर काडीला ताज्या शेणाची कापडी पुरचुंडी टांगायची आणि रात्रभर सोडून द्यायचं. वासाने किडे येतात आणि कपात पडतात. सकाळी ते गाळायचे, स्पिरिटमध्ये घालायचे आणि मोजायचे. हे काम माझं नव्हतं. माझं काम संत्र्याच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांचं, म्हणजे चारचौघांत सांगण्याजोगं. शेण माझ्या मैत्रिणीचं होतं. तिच्याविषयीच मला लिहायचं आहे, कारण दुसरं काही लिहायला बसले तरी मन फिरून तिथंच येतं.

ती स्वतःला अकोल्याची म्हणवते, पण घर मूर्तिजापूरच्या बाजूच्या एका खेड्यात, काळ्या रानाचं. आमची ओळख झाली एका कार्यशाळेत. दोघीही तेव्हा वेगवेगळ्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवत होतो आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. ओढत होतो. कार्यशाळेचा विषय होता, परिसंस्थेचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनी एकमेकांशी जोडून कसं घ्यावं. बाहेरून आलेल्या एका मोठ्या तज्ज्ञांनी पडद्यावर जगाचा नकाशा लावला आणि त्यावर इकडून तिकडे जाणाऱ्या रेघाच रेघा दाखवल्या. वऱ्हाडावरून एकही रेघ जात नव्हती. मला उगाच राग आला. जेवणाच्या रांगेत माझ्या मागे उभी असलेली एक मुलगी स्वतःशीच म्हणाली, "एवढा नकाशा कायले लागते? आमच्याकडं याले सावड म्हणतात."

मी शहरातली, मला सावड ऐकून माहीत होती, कळली नव्हती. तिने ताट हातात धरूनच समजावलं. एका शेतकऱ्याकडे एक बैल, दुसऱ्याकडे एक. दोघं मिळून जोडी करतात, आज याचं वखरतात, उद्या त्याचं. माणसांचंही तसंच. सगळे मिळून एकाच्या शेतात उतरतात आणि त्या दिवशी ज्याचं शेत त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. कोणी कोणाला मजुरी देत नाही. मी लगेच वाद घातला, कारण तो माझा स्वभाव आहे. म्हटलं, संशोधन म्हणजे वखरणं नव्हे. तिने शांतपणे विचारलं की मग तू मधमाश्या एकटी कशा मोजते? संत्र्याचा बहार थोड्या दिवसांचा. वेगवेगळ्या बागांतल्या माश्यांची तुलना करायची तर सगळ्या बागांत एकाच सकाळी, एकाच उन्हात मोजायला हवं. मी एकटी एका सकाळी एकाच बागेत उभी राहू शकत होते. पहिलं वर्ष मी त्यातच घालवलं होतं आणि हाती काहीच लागलं नव्हतं.

अशी आमची सावड सुरू झाली. अमरावती आणि अकोल्याकडची आम्ही सहा-सात जणं, सगळी त्याच वयाची, सगळी तासिकांवर जगणारी. फोनवर एक गट केला, त्याला नावही सावडच दिलं. नियम मैत्रिणीने घातले. बोलावलं की यायचं, आपलं पाणी आपण आणायचं, ज्याचं काम त्याची पद्धत पाळायची आणि आपली हुशारी तिथे दाखवायची नाही. हा शेवटचा नियम माझ्याकडे बघून घातला होता. कोणाचं काम आधी यावरून वाद नको म्हणून ज्याचा हंगाम आधी त्याचं काम आधी, असं ठरलं. स्वतःचं काम तिने सगळ्यांच्या शेवटी ठेवलं. घरात वाढणारी बाई शेवटी जेवते तसं म्हण, असं ती म्हणाली, आणि मी हसले. तेव्हा त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

माझ्या कामाला ते सगळे लागोपाठ दोन बहार आले. शेंदूरजनाघाटच्या आसपासच्या बागा मी निवडल्या होत्या. पहाटेच निघायचं, एकेकाने एकेका बागेत उतरायचं, ऊन वर आलं की ठरलेल्या झाडांसमोर उभं राहून माश्या मोजायच्या. आग्या, सातेरी, फुलोरी वेगवेगळ्या लिहायच्या. मैत्रिणीला आग्या माशी चावली आणि तिचा डोळा सुजून बंद झाला, तरी उरलेली झाडं तिने एका डोळ्याने मोजली. त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायची बारी माझी होती. आईने सकाळी उठून पोळ्या केल्या होत्या, मी वाटेत गिला वडा घेतला, आणि एका बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून आम्ही जेवलो. मला खरंच वाटलं होतं की असं काम जगात दुसरं कोणी करत नसेल.

माझा प्रबंध झाला. पुढे अमरावतीतल्याच एका कॉलेजात कायम जागा निघाली आणि मी मुलाखतीला गेले. मुलाखतीत एका सदस्यांनी विचारलं की तुमच्याकडे ना प्रकल्प, ना निधी, मग एवढ्या बागांचा अभ्यास तुम्ही केला कसा? मी सावडीची गोष्ट सांगितली. बैलजोडीपासून सांगितली, तिचेच शब्द वापरून, आणि फार छान सांगितली. समोरची माणसं पुढे झुकून ऐकत होती. एकांनी तर म्हटलं की आपल्याला अशीच माणसं हवीत. जागा मला मिळाली. कल्पना माझी नाही एवढं वाक्य मी त्या खोलीत उच्चारलं नाही. गटावर सगळ्यांनी अभिनंदन केलं, सगळ्यात आधी तिने.

आता तिच्या कामाविषयी सांगते. गुरांना जंतांचं औषध दिलं की ते शेणात उतरतं आणि शेण खाणारे किडे मरतात, असं तिला दाखवायचं होतं. किडे नसले की शेण जमिनीत जात नाही, गायरानावर तसंच वाळत पडतं आणि खाली गवत मरतं. त्यासाठी तिने अकोला ते मूर्तिजापूर पट्ट्यातल्या सहा गावांची ई-क्लास जमीन निवडली होती. आमच्याकडे सरकारी गायरानाला ई-क्लास म्हणतात. काही गावांत औषध सर्रास दिलं जाई, काही गावांत नाही. पावसाळ्यात एका संध्याकाळी सहाही ठिकाणी कप पुरायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच उचलायचे, कारण पाऊस, हवा, ओल सगळं सारखं हवं. एक माणूस एक गायरान करतो, फार धावपळ केली तर दोन. तिला पाच माणसं हवी होती. आधीच्या पावसाळ्यात कशीबशी जमली. एका हंगामावर प्रबंध उभा राहत नाही, दुसरा हंगाम हवाच होता. नोंदणीची मुदत तिने एकदा वाढवून घेतली होती, आता आणखी मिळणार नव्हती. म्हणजे हाच पावसाळा. हे मला माहीत होतं, आमच्या गटात सगळ्यांनाच माहीत होतं.

तिने शनिवार ठरवला. आठवडाभर आधी कळवलं, सगळ्यांनी येतो म्हणून लिहिलं. मीही लिहिलं. शुक्रवारी आमच्या प्राचार्यांनी बोलावलं. कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती आणि तिच्यापुढे काय काय दाखवायचं याची रंगीत तालीम शनिवारी होती. माझ्याकडे कॉलेजची बाग आली. झाडांना शास्त्रीय नावांच्या पाट्या लावायच्या आणि समिती आली की त्यांच्यासोबत फिरायचं. मी नोकरीत नवी, अजून कायमपणाचा कागद हातात यायचा होता. तरी मला नाही म्हणता आलं असतं. प्राचार्य वाईट माणूस नाहीत, त्यांनी फार तर तोंड वाकडं केलं असतं. पण मी विचारलंच नाही. उलट खोलीतून बाहेर पडताना मला थोडं हलकं वाटलं, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. चिखल, शेण, ओले बूट, दुसऱ्या दिवशीची पहाट, यातून सुटल्याचं ते हलकेपण होतं.

तिला फोन केला तर ती "ठीक आहे" म्हणाली. मी गटावरही लिहिलं, जरा रडगाणं गाऊनच लिहिलं. तासाभरात दुसऱ्या एकाने लिहिलं की त्याच्याही घरी पाहुणे आहेत. मग तिसरीला ताप आला. सावडीचं असंच असतं हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक जण दुसरा येतो म्हणून येतो, आणि एक बैल बसला की बाकीचे उभे राहत नाहीत. पहिली बसणारी मी होते.

शनिवारी मी अशोकाच्या झाडांना पाट्या लावल्या. प्राचार्यांना मधेच कुठे बैठकीला जावं लागलं आणि तालीम एकच्या सुमारास आटोपली. कप संध्याकाळी पुरायचे होते. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरला गाडीने तासभरही लागत नाही, आणि दुपारी गाड्या असतात. मी गेटपाशी स्कूटर चालू करून उभी होते. डावीकडे बडनेरा, उजवीकडे घर. उजवीकडे वळले. आता येते म्हणून फोन करावा तर आधी येत नाही म्हणाले होते, त्याचं काय सांगायचं, अशी स्वतःची समजूत घातली. घरी जेवले आणि पंख्याखाली झोपले. चांगली झोप लागली.

तिच्याकडून दोनच गायरानं झाली. एक तिने केलं आणि एक आमच्यातल्या ज्या एकाने शब्द पाळला त्याने. पुढच्या आठवड्यात पुन्हा जमवायचं ठरत होतं, पण मग झड लागली, कप पाण्याने भरून वाहू लागले, आणि झड उघडली तोवर किड्यांचा हंगाम सरला. दिवाळीपर्यंत सहापैकी दोन गायरानांना तारेचं कुंपण पडलं, तिथे सोलरच्या प्लेटा बसणार होत्या. मार्गदर्शकांनी तिला सांगितलं की एवढ्यावर प्रबंध होत नाही, मुदत संपते आहे, विषय बदलून नव्याने नोंदणी करायची तर बघ. ती नाही म्हणाली. घरच्यांनी इतकी वर्षं थांबून घेतलं होतं, आता तिला पगार हवा होता. अकोल्यातल्या एका खाजगी शाळेत ती विज्ञान शिकवू लागली. हे सगळं तिने गटावर चार ओळींत लिहिलं आणि खाली लिहिलं की ज्याला सोलरच्या कुंपणातून आत जायची परवानगी मिळेल त्याने तिचे कप वापरावेत, शंभरएक आहेत, धुऊन ठेवले आहेत.

मी अकोल्याला गेले. गाडीत काय बोलायचं ते घोकत गेले. ती एका खोलीत भाड्याने राहते. शाळेतून नुकतीच आली होती, तिने स्टोव्हवर चहा ठेवला. मी माझं सुरू केलं आणि तिने मधेच विचारलं, "तू माफी मांगाले आली का चहा प्याले? घरात चहाच हाय." तिच्या बोलण्याची मला सवय आहे, पुण्याकडच्या कोणाला हे तोडून बोलणं वाटेल. मला त्यात जिव्हाळाच वाटला आणि त्या जोरावर मी सगळं सांगून टाकलं. एक वाजता मोकळी झाले होते, गाडी होती, स्कूटर चालू होती, घरी जाऊन झोपले. सांगता सांगता मला रडू आलं, आणि रडताना आत कुठेतरी बरंही वाटत होतं.

ती गाळणीतून चहा ओतत होती. तिने दोन्ही कप भरले. मग म्हणाली, "मंग हे मले कावून सांगून राहिली? इतके दिवस मले वाटे का तुले कॉलेजानं खरंच सोडलं नसंन. तेवढं तरी होतं माह्याजवळ." आणि एक कप माझ्यापुढे सरकवत, अगदी सरळ आवाजात, "मले राग नाई तुहा. पण तुले बरं वाटावं म्हणून मी काई बोलणार नाई." मी चहा प्यायले. त्यात साखर होती की नव्हती हे मला आठवत नाही. परतीच्या गाडीत मला पहिल्यांदा नीट उमगलं की मी तिथे तिच्यासाठी गेलेच नव्हते. माझं ओझं मला जड झालं होतं, ते उचलून तिच्या खोलीत ठेवायला गेले होते.

त्यानंतर मी जे जे करता येईल ते केलं, असं म्हणायला मला आवडेल. आमच्या कॉलेजात तिला तासिका मिळवून देते म्हटलं, ती नको म्हणाली. दोन हंगामांचे जे आकडे आहेत त्यांचा लहानसा लेख करू, नाव तुझं, लिहायचं काम माझं, म्हटलं. ती म्हणाली बघू. तिचं बघू म्हणजे नाही. अधूनमधून मी फोन करते, ती शाळेतल्या पोरांचे किस्से सांगते, हसवते. शेणाविषयी आम्ही बोलत नाही.

गट मात्र चालू राहिला. आता त्यात नवीन मुलं आली आहेत. त्यातल्या एका मुलीने नुकतीच नोंदणी केली आहे, आणि विषय घेतला आहे माझाच जुना, संत्र्याचा आंबिया बहार आणि मधमाश्या. जानेवारीच्या शेवटी तिने गटावर लिहिलं की रविवारी माणसं हवीत, शेंदूरजनाघाट. सगळ्यात आधी कोणाचं उत्तर आलं असेल तर माझ्या मैत्रिणीचं. येते, एवढंच. मी ते बराच वेळ पाहत राहिले. तिला आता कशाचीच गरज नव्हती, कोणाची सावड फेडायची नव्हती, शाळेला सहा दिवस जुंपलेल्या बाईचा तो एकुलता एक सुटीचा दिवस होता. मग मीही येते लिहिलं. न लिहून कुठे जाणार होते?

बागांत उतरलो तेव्हा फुलांचा वास अंगावर येत होता. आम्हा दोघींना शेजारच्याच बागा मिळाल्या, मधे फक्त धुरा. तिचं मोजणं मी पलीकडून पाहत होते. शाळेच्या साडीवर तिने जुनं जाकीट चढवलं होतं आणि एकेका झाडासमोर ती पूर्वीसारखीच अजिबात न हलता उभी राहत होती. नवीन मुलीने सांगितलेल्या पद्धतीत एक चूक मला दिसत होती, तिलाही दिसली असणार. ती काही बोलली नाही, म्हणून मीही बोलले नाही.

दुपारी मुलीने सगळ्यांना झाडाखाली बसवून जेवू घातलं. घरून भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी आणली होती, एवढी की अख्खं गाव जेवलं असतं. वाढता वाढता ती माझ्या मैत्रिणीपाशी थांबली. गटातल्या जुन्या गोष्टी तिने कोणाकडून तरी अर्ध्यामुर्ध्या ऐकल्या होत्या. शेवट तिला कोणी सांगितला नव्हता.

"ताई, तुमच्या शेणकिड्याच्या कामाले मी पयल्या दिवसापासून येईन," ती म्हणाली. "माह्यावर आता तुमची सावड हाय."

मैत्रिणीने घास थांबवला नाही. "ये," ती म्हणाली. "छत्री घेऊन येजो. पाऊस असते तवा."

मुलगी खूश झाली. भाकरीची टोपली घेऊन ती माझ्याकडे वळली आणि त्याच उत्साहाने म्हणाली, "मॅडम, तुमीबी याल ना?"

मैत्रिणीने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच. मला वाटलं आता खरं काय ते सांगून टाकावं, आणि त्याच क्षणी कळलं की तेही पुन्हा माझ्याच सोयीचं होईल. एवढ्या लांब, सुटीचा दिवस देऊन, ती या पोरीच्या झाडांसमोर उभी राहिली होती ती पोरीचा सावडीवरचा विश्वास टिकावा म्हणून, आणि तोच मोडून जाईल.

"येईन," मी म्हणाले.

मुलीने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मैत्रीण हात धुऊन उठली आणि उरलेली झाडं मोजायला गेली.